दोन खुंट्यांमधलं अंतर

वेल्ह्याच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं पृथ्वी कापून दाखवली. कागदाच्या लगद्याची पृथ्वी होती ती. तिची एक चौथाई फोड काढून टाकलेली आणि आत रंगवलेले थर: वर पापुद्र्याएवढं तपकिरी कवच, त्याखाली नारिंगी प्रावरण, मधोमध गाभा. मूळचा गाभा माझ्या आधीच्या कुणा मास्तरांच्या काळात हरवला होता. त्या जागी टेनिसचा जुना चेंडू बसवलेला होता आणि तो बसवणारा माणूस म्हणजे आमच्या शाळेचा शिपाई.

त्यांना सगळे मामा म्हणत. मुलं, मास्तर, हेडमास्तर, तपासणीला आलेले साहेबसुद्धा. मामा ती पृथ्वी दोन्ही हातांवर तोलून वर्गात आणायचे, टेबलावर ठेवायचे आणि तास संपेपर्यंत तिथंच उभे राहायचे, कारण टेबलाचा एक पाय आखूड होता आणि पृथ्वी घरंगळायची भीती होती. अशा रीतीनं मामांनी माझा तो पाठ अठ्ठावीस वेळा ऐकला. इतक्या वेळा तो माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी ऐकलेला नाही, आणि मी काही फार लक्ष देऊन ऐकत होतो असंही नाही.

पाठात भूपट्ट यायचे. आपल्या पायाखालचा पट्ट उत्तरेकडं सरकतोय, वर्षाला चार-पाच सेंटिमीटर, त्याच्या रेट्यानं हिमालय उचलला जातोय, असं मी सांगायचो. मुलं दचकून फरशीकडं बघायची. मग माझं ठरलेलं वाक्य यायचं: "पण आपल्याला काळजी नाही. आपण दख्खनच्या पठारावर आहोत. हा भाग स्थिर आहे." पुस्तकातलं वाक्य होतं. ज्या पुस्तकावर आपली नोकरी चालते त्यातल्या वाक्यावर माणूस फारसा विचार करत नाही.

विचार करायला सवड मिळाली ती निवृत्तीनंतर, भोरला राहायला आल्यावर. वाचनालयातून एकेक पुस्तक आणत गेलो. आपले डोंगर म्हणजे लाव्हारसाचे एकावर एक थर, भाकरीच्या चवडीसारखे. काही थरांच्या मधे तांबड्या चिकणमातीचा पट्टा असतो. वरचं पाणी भेगांतून उतरतं, त्या तांबड्या मातीवर येऊन थांबतं, आणि मग वरचा सगळा भार ओल्या साबणावर बसल्यासारखा होतो. म्हणजे पठार स्थिर असलं तरी पठाराच्या अंगावरचा उतार स्थिर असतोच असं नाही. वर्गात मी हे कधी सांगितलं नव्हतं. परीक्षेला येत नव्हतं.

मामा माझ्याबरोबरच निवृत्त झाले आणि आपल्या वाडीवर गेले. वेल्ह्याच्या वर, पानशेतच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर बारा घरं. सगळी एकाच भावकीची. मामांचं घर सर्वांत वरचं. एका वर्षी पाऊस ओसरता ओसरता त्यांचा फोन आला.

"सर, भेग पडलीय."

"भिंतीला?"

"न्हाई. डोंगराला."

घराच्या मागं, बांधाच्या वरच्या अंगाला पडली होती. "केवढी आहे?" विचारलं तर म्हणाले, "काठी जाती आत. आन लांबीला हितनं तितपत्तर." फोनवर हितनं तितपत्तर म्हणजे किती, हे कळायला मार्ग नव्हता.

"सर, पट्ट सरकला का वो?"

मी म्हणालो, "नाही मामा. पट्टाचा काही संबंध नाही. आपलं पठार स्थिर आहे." एवढी पुस्तकं वाचून झाल्यावरही तोंडातून तेच बाहेर पडलं.

"व्हय, ते म्हाईत हाय मला," मामा म्हणाले. आवाजातला ताण उतरलेला मला ऐकू आला.

फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी नसरापूरला गाडी बदलून वेल्हे गाठलं आणि वाडीवर चढलो. हितनं तितपत्तर म्हणजे वाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निघालं. भेग बाराही घरांच्या डोक्यावरून धनुष्यासारखी गेली होती. भूगोलाच्या मास्तरालाही कळावं इतकं ते स्पष्ट होतं: भेगेखालचा सगळा तुकडा, घरं, गोठे, विहीर धरून, डोंगरापासून सुटायला बघत होता. मी अर्ज लिहिला, मामांनी वाडीच्या सह्या-अंगठे घेतले, आणि आम्ही तो तहसील कचेरीत दिला. मागणी साधी होती. धोक्याच्या वस्त्यांची जी यादी पावसाळ्याआधी निघते, तिच्यात वाडीचं नाव यावं आणि बारा घरांना खाली सपाटीला जागा मिळावी.

दिवाळीनंतर पाहणी ठरली. मी पोचलो तर वाडीत मंडप. भेगेच्या काठानं सडा घातलेला आणि सड्यावर रांगोळी. मामांनी सकाळपासून खराट्यानं भेगेच्या आतला पालासुद्धा झाडून काढला होता. कर्ण्यावरून एका पुढाऱ्यानं भाषण केलं. यादी करणं हे त्याचं काम नव्हतं, पण ज्या गोष्टीचं काम आपल्याकडं नाही तिच्यावर बोलायला माणसाला बळ येतं. तो म्हणाला, "हा डोंगर आपली आई आहे. आणि आई कधी लेकरांच्या अंगावर पडत नाही!"

मामी माझ्या शेजारी बसल्या होत्या. मामांच्या कारभारणीला मी पहिल्यापासून वचकून असतो. त्या पदराआडून म्हणाल्या, "पडत न्हाई, पर म्हातारी झाली की घसरती."

टाळ्या संपल्यावर ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो मनुष्य सापडला. तरुण भूशास्त्रज्ञ होता, बुटांना चिखल लागलेला, बोलणं कमी. सत्काराची शाल खांद्यावर तशीच ठेवून तो भेगेत कोपरापर्यंत हात घालून बसला होता. शाल काढावी हे त्याला सुचलं नाही आणि काढा म्हणायचं धाडस कुणाला झालं नाही. मग त्यानं भेगेच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक, अशा दोन लोखंडी खुंट्या मुरमात ठोकल्या आणि त्यांना नायलॉनची दोरी ताणून बांधली. टेप लावला. एक मीटर वीस.

"दर सोमवारी एवढं अंतर मोजायचं. वाढलं की भेग उघडतेय. दोरी नुसती नजरेसाठी आहे, ताण दिसला तर लगेच सांगा. मोजायला कोणी नेमाचा माणूस आहे का इथं?"

मीच म्हणालो, "हे मामा. जन्म शाळेत गेलाय. यांच्याइतका नेमाचा माणूस तुम्हाला तालुक्यात मिळणार नाही."

बरोबर आलेल्या कचेरीतल्या कारकुनानं लगेच एका कागदावर मामांची सही घेतली. "साहित्य सरकारी आहे," तो खुंट्यांकडं बोट दाखवत म्हणाला. "दोरी तुटली, खुंटी हरवली, तर जबाबदारी तुमची. कळलं का? नंतर पेन्शनीला खोडा नको."

"न्हाई साहेब, जीव गेला तरी तुटू द्यायचो न्हाई," मामा म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

सोमवार सुरू झाले. सकाळी नवाच्या सुमाराला मामांचा फोन यायचा. मी वही उघडून बसलेला असायचो.

"एक मीटर वीस, सर."

"बदल नाही?"

"अजाबात न्हाई."

मग पाच मिनिटं इकडचं तिकडचं. वही मीच आखली होती. तारीख, माप, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'बदल नाही' असं मी वळणदार अक्षरात लिहायचो आणि पानाचा फोटो भूशास्त्रज्ञाला मोबाईलवर पाठवायचो. तो अंगठा पाठवायचा.

पौषात एका सोमवारी फोनवर मामांच्या मागून घरघर ऐकू आली. काय चाललंय विचारलं. "खाली पुण्याच्या कुणाचा तरी बंगला व्हतोय. जेसीबी लावून पायथा कापत्यात. दिसभर ह्येच. हिचं डोस्कं उठलंय."

उताराचा पायथा कापणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. मी भूशास्त्रज्ञाला सविस्तर निरोप पाठवला. त्याचं उत्तर शनिवारी आलं: "गंभीर आहे. पण रीडिंग बदललं तरच मला वर काही मांडता येईल." दोन दिवसांनी सोमवार होता. एक मीटर वीस. मला हायसं वाटलं.

असे चोवीस सोमवार गेले. चोवीस वेळा तोच आकडा. शास्त्राच्या माणसाला अशानं संशय येतो. मास्तराला बरं वाटतं. भोर ते वाडी हा दोन एसट्यांचा आणि एका चढाचा प्रवास आहे. गुडघ्याचं निमित्त सांगून मी तो पाच-सहा महिने केला नाही.

मे महिन्यात यादी निघाली. वाडीचं नाव नव्हतं. शेरा होता: हालचाल आढळत नाही, निरीक्षण चालू ठेवावे. वाडीवर कुणी फारसं हळहळलं नाही. घर सोडायचं कुणाच्या जिवावर नसतं आलं? मामा तर म्हणाले, "बरं झालं. सरकारनंच लिहून दिलं, आता झोप लागंल."

यादीनंतर आठवड्यानं मामींनी मला आमरसाला बोलावलं. जेवण झालं आणि मी सहज मागं बांधावर गेलो. दोरी जशी बांधली होती तशी, एका रेषेत, नीट ताणलेली. खुंट्या पुसलेल्या. आजूबाजूचं गवत काढलेलं. आणि खालच्या खुंटीच्या खाली, उताराच्या दिशेनं, मुरमात एका ओळीत भोकं. बोटभर अंतरानं. मी मोजली. नऊ होती.

"मामा, ही भोकं कसली?"

"खुंटीची."

"कुठल्या खुंटीची?"

"हीच की. दोरी लई ताणली म्हंजी म्या खुंटी उपटून जरा वर घेतो. न्हाईतर तुटंल ना. सही घेतलीया माझ्याकडनं."

मी खाली बसलो. "आणि मोजता कधी?"

"नीट केल्यावर." मामांना माझा प्रश्नच कळेना. "आदी कसं मोजू? सरकारला वाकडं माप द्यायचं व्हय?"

मी त्यांच्याकडून टेप घेतला आणि वरच्या खुंटीपासून सर्वांत खालच्या भोकापर्यंत धरला. एक मीटर एक्केचाळीस. सहा महिन्यांत एकवीस सेंटिमीटर. अख्खा देश वर्षाला चार-पाच सरकतो. वाडी देशाच्या कितीतरी पुढं निघाली होती, फक्त देश उत्तरेला चालला होता आणि वाडी ओढ्याकडं.

मामा टेपकडं बघत राहिले. त्यांना आकडे वाचता येत होते. भूगोलही येत होता, माझ्याइतकाच.

"म्हंजी... घोळ झाला का सर?"

मी मान हलवली. दारातून मामी म्हणाल्या, "मी म्हनत न्हवते का, अवो, त्या खुंटीला सारखा हात लावू नगा? तर म्हनं, तुला काय कळतंय सरकारी कामातलं." मग त्यांनी आमच्या दोघांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि येऊन भोकांपाशी खाली बसल्या.

"साहेबांना सांगा सर," मामा म्हणाले. "लपवू नगा. फकस्त म्या मुद्दाम न्हाई केलं, एवढं सांगा."

भूशास्त्रज्ञ तिसऱ्या दिवशी आला. या वेळी मंडप नव्हता. तो भोकांपाशी उकिडवा बसून प्रत्येकाचं अंतर घेत राहिला. रागावेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "हे खरंतर फार चांगलं रेकॉर्ड आहे. फक्त याला तारखा नाहीत." त्यानं त्याच दिवशी वर पत्र लिहिलं. वरून उत्तर आलं की यंदाची यादी मंजूर झाली आहे, पुढच्या यादीसाठी नव्यानं निरीक्षण करून प्रस्ताव सादर करावा. तूर्त पावसाळ्यात रहिवाशांना शाळेत हलवावे. बंगल्याच्या कामाबद्दल पत्रात एक ओळ होती. उत्तरात नव्हती.

म्हणून आषाढापासून बारा घरं आमच्या जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत राहिली. जनावरांना जागा नव्हती. ती वरच गोठ्यात, आणि माणसं दिवसातून दोन-तीनदा वर जाऊन चारापाणी करायची. श्रावणात एका दुपारी, चार दिवसांच्या झडीनंतर, आवाज आला. शाळेतल्यांना वाटलं, रस्त्यावर कुणी ट्रकमधून खडी ओतली.

दरड अशी कोसळली नाही. तुकडा बसला. घरं धरून, पुरुषभर खाली. भिंती वाकल्या, दारं चौकटींत अशी आवळली की उघडेनात, विहीर दिसेनाशी झाली. वरच्या अंगाचे दोन गोठे मात्र मातीखाली गेले. त्यातला एक मामींचा. दोन म्हशी होत्या. मामी दुपारच्या पाण्याला निघायच्या तयारीत होत्या, पायांत चपला घातलेल्या. त्या चपला त्यांनी संध्याकाळपर्यंत काढल्या नाहीत.

पंचनाम्यात 'अंशतः पडझड' लिहिलं गेलं, कारण घरं उभी होती.

त्या रविवारी शाळेच्या ओट्यावर वाडी बसली. मला निरोप नव्हता, मीच गेलो. मामांचा पुतण्या उभा राहून बोलत होता. "तात्या, जन्मभर सायबांची टेबलं पुसलीस. आन शेवटाला आमची घरं पुसलीस."

"आरं, सही घेतली हुती माझी..."

"मग सही सांभाळ आता. तीच पांघरून झोप."

मामा एका कडेला जमिनीवर बसले होते, हात गुडघ्यांवर. पुतण्याला अडवायला कुणी उठलं नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो की चूक माझी आहे. मामांना मीच नेमलं. चोवीस वेळा 'बदल नाही' मी लिहिलं. पायथा कापतायत हे कळल्यावर मी स्वतः यायला हवं होतं, आलो नाही. एकदा जरी आलो असतो तरी भोकं दिसली असती आणि यादीत नाव लागलं असतं. हे सगळं मी घरून ठरवून आलो होतो आणि ठरवलं तसं बोललो.

कुणीतरी आतून खुर्ची आणली.

"बसा सर," पुतण्या म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "तुमी कशाला मनाला लावून घेता? तुमी शिकल्याली मान्सं. तुमी काय हितं डोंगर चढून खुंट्या बघनार व्हय?"

"मी तेच सांगतोय. बघायला हव्या होत्या."

"ऱ्हाऊ द्या सर. ए, सरांना च्या आना रे."

चहा आला. मी खुर्चीत बसलो. माझा गुन्हा मी कितीही कबूल केला तरी तो माझ्या नावावर चढायला तयार नव्हता. तो उतारावरून वाहत जाऊन जिथं साचायचा तिथंच साचला. मामांनी मान वर केली नाही. त्यांच्यासाठी चहा आला की नाही हे मी पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी यादी निघाली. वाडीचं नाव आलं. मोजणी झाली, खाली सपाटीला जागा ठरली. अकरा घरांना. सर्वेक्षणाला माणसं आली तेव्हा मामा-मामी सारोळ्याला लेकाकडं होते. बाराव्या घराचं काय, असं विचारल्यावर वाडीनं सांगितलं, ते सोडून गेलं. खोटंही म्हणता येणार नाही.

हे कळल्यावर मी अर्ज लिहिला आणि सारोळ्याला गेलो. हमरस्त्याच्या कडेला मामांच्या लेकाचं पंक्चर काढायचं दुकान आहे. मागं एक खोली. मामी टायरांच्या ढिगापलीकडं भाजी निवडत बसल्या होत्या. म्हशीचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला आणि त्यांनीच बंद केला. मोठी गाडी गेली की खोलीची जमीन थरथरायची, फळीवरचे पेले वाजायचे. मामी तिकडं लक्ष देत नव्हत्या. मामा दर वेळी बोलणं थांबवून फळीकडं बघत होते.

मी अर्ज पुढं केला. "सही करा. तुमचा हक्क आहे. मोजणीत दुरुस्ती अजून होऊ शकते."

मामांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. चष्मा काढला.

"अक्षर चांगलं हाय सर तुमचं," म्हणाले. "पर ऱ्हाऊ द्या. त्यांच्या शेजारी परत घर बांधून काय करू? सकाळी उठून कुणाच्या तोंडाकडं बघू?"

"भावकी आहे, मामा. विसरतील."

"इसरत्याल वो. म्या न्हाई इसरायचो."

मी मामींकडं पाहिलं. त्या काही तरी बोलतील, टोमणा मारतील, निदान 'करा की सही' म्हणतील, असं वाटलं. त्यांनी निवडलेली भाजी उचलली आणि आत गेल्या.

भोरची गाडी पलीकडच्या बाजूला थांबते. मामा मला पोचवायला आले. रस्ता ओलांडताना त्यांनी माझं कोपर घट्ट धरलं होतं. मला गाडीत बसवून ते परत निघाले, दुभाजकापर्यंत गेले आणि तिथं अडकले. पुण्याकडून ट्रेलरची रांग लागली होती. मामांनी हात वर केला, गाड्या थांबवायला. एकही थांबली नाही. खिडकीतून मी बघत होतो. हात तसाच वर होता आणि आमची गाडी सुटली तेव्हाही ते मधेच उभे होते.